मात्रा भरली: पेगी व्हिटसन यांच्या निवृत्तीचं प्रकरण

१५ जून २०१८, शुक्रवार. अंतराळवीर पेगी व्हिटसन आजपासून सेवेतून निवृत्त होत आहेत, असं नासाने जाहीर केलं. वय ५८. तीन मोहिमांत मिळून अंतराळात ६६५ दिवस, जे तोवर कुठल्याही अमेरिकन माणसाने, बाईने किंवा पुरुषाने, काढलेले नव्हते. दहा स्पेसवॉक, एकूण ६० तास २१ मिनिटं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं प्रमुखपद दोनदा. नासाच्या अंतराळवीर कार्यालयाचं प्रमुखपद एकदा, आणि तिथे बसलेली पहिली बाई.

निरोपाच्या बातम्यांमध्ये ही यादी सगळीकडे आली. यादी वाचून झाल्यावर मात्र एक साधा प्रश्न उरतो: त्या थांबल्या का? नऊच महिन्यांपूर्वी त्या २८९ दिवसांची मोहीम पुरी करून कझाकस्तानात उतरल्या होत्या, आणि त्या मोहिमेत चार वेळा स्पेससूट चढवून बाहेर जाऊन आल्या होत्या. हात थरथरत होते, डोळे गेले होते, काम झेपत नव्हतं, असं काहीच नाही. नासात अंतराळवीराला निवृत्तीचं ठरावीक वयही नसतं. स्टोरी मसग्रेव्ह ६१ व्या वर्षी अंतराळात गेले होते, जॉन ग्लेन तर ७७ व्या.

उत्तर व्हिटसन यांनीच जाहीरपणे सांगितलेलं आहे. किरणोत्सर्गाची जी मर्यादा नासाने एका कारकिर्दीसाठी आखली होती ती त्यांची गाठून झाली होती, आणि बायकांसाठी ती मर्यादा पुरुषांपेक्षा कमी होती. पुढे वाचायचं ते हे लक्षात ठेवून, कारण हे प्रकरण मला निवृत्तीपेक्षा एका तक्त्याचं जास्त वाटतं. जोखीम माणसाने अंगावर घ्यायची असते, पण ती किती घ्यायची हे सरासरीचा हिशेब ठरवतो. आणि त्या हिशेबाशी भांडणं हे उघड पूर्वग्रहाशी भांडण्यापेक्षा कितीतरी अवघड जातं.

दहा वर्षांचा नकार

जन्म ९ फेब्रुवारी १९६०, आयोवा राज्यातला. बीकन्सफील्ड या अगदी छोट्या गावाजवळ आईवडिलांची शेती. १९७८ मध्ये शाळा संपली, आणि त्याच वर्षी नासाने पहिल्यांदा बायकांना अंतराळवीर म्हणून घेतलं: ३५ जणांच्या तुकडीत सहा जणी, त्यांत सॅली राइड आणि शॅनन ल्युसिड. व्हिटसन पुढे जीवशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकल्या, राइस विद्यापीठातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केली, आणि १९८६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या जॉन्सन केंद्रात संशोधक म्हणून दाखल झाल्या.

तिथून पुढची दहा वर्षं त्या अर्ज करत राहिल्या आणि नासा नाही म्हणत राहिली. नवनव्या तुकड्या निवडल्या जात होत्या आणि या त्याच आवारात प्रयोगशाळेत काम करत होत्या. अमेरिकेचं शटल आणि रशियाचं मीर हे अंतराळ स्थानक यांच्या संयुक्त शटल-मीर कार्यक्रमाच्या प्रकल्प-वैज्ञानिक म्हणून त्यांनी रशियनांबरोबर कामाची घडी बसवली. १९९६ च्या एप्रिलमध्ये निवड झाली. वय ३६. त्या वर्षीची तुकडी इतकी मोठी होती, परदेशी धरून ४४ जण, की तिला ‘सार्डिन्स’ असं नाव पडलं, डब्यात कोंबलेल्या माशांवरून.

या दहा वर्षांकडे सहसा चिकाटीची गोष्ट म्हणून पाहिलं जातं, आणि ती चिकाटी होतीच. पण किरणोत्सर्गाच्या तक्त्यावर तीच वर्षं वेगळी दिसतात, ते पुढे येईल. पहिलं उड्डाण व्हायला आणखी सहा वर्षं लागली. जून २००२ मध्ये ‘एन्डेव्हर’ शटलमधून त्या स्थानकावर गेल्या तेव्हा वय ४२ होतं. १८४ दिवसांच्या त्या मुक्कामात त्यांनी सोयाबीन वाढवलं, स्थानकाच्या सांगाड्याचे नवे भाग जोडायला मदत केली आणि रशियन ओर्लान सूट घालून पहिला स्पेसवॉक केला. स्थानकाच्या पहिल्या ‘नासा विज्ञान अधिकारी’ हे पदही त्यांना वर असतानाच मिळालं.

चाबूक आणि अपशकुन

ऑक्टोबर २००७ मध्ये त्या सोयुझ या रशियन यानातून दुसऱ्यांदा निघाल्या, या वेळी स्थानकाच्या पहिल्या स्त्री-प्रमुख म्हणून. कझाकस्तानातल्या बैकोनूरला प्रक्षेपणाआधी त्यांना कझाक घोडेस्वारांचा चाबूक, ‘कामचा’, भेट मिळाला, वर हुकूम कोणाचा ते दाखवायला. त्याच महिन्यात ‘डिस्कव्हरी’ शटल स्थानकाला येऊन जोडलं गेलं, आणि त्याच्या कमांडर होत्या पॅम मेलरॉय. दोन अंतराळयानं, दोन्हींच्या प्रमुख बायका, असं त्याआधी कधी झालेलं नव्हतं. डिसेंबरमध्ये स्थानकाच्या इतिहासातला शंभरावा स्पेसवॉक व्हिटसन यांनी डॅन टॅनी यांच्याबरोबर केला आणि त्यात सुनीता विल्यम्स यांचा बायकांमधला स्पेसवॉकचा विक्रम मागे पडला. हा विक्रम या दोघींमध्ये पुढे बरीच वर्षं हेलकावे खात राहिला: २०१२ मध्ये सुनीतांकडे, २०१७ मध्ये पुन्हा व्हिटसन यांच्याकडे, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सुनीतांकडे, ६२ तास ६ मिनिटांवर.

१९ एप्रिल २००८ ची परत येण्याची वेळ मात्र जीवावर बेतली होती. सोयुझचा मागचा भाग वेळेवर नीट सुटला नाही, यान सरळ उतरत्या मार्गाने कोसळत आलं, आतल्या तिघांवर गुरुत्वाकर्षणाच्या आठपटींहून जास्त भार आला, आणि कुपी ठरलेल्या जागेपासून चारशेहून जास्त किलोमीटर अलीकडे माळावर पडली. आत व्हिटसन, युरी मालेनचेन्को आणि दक्षिण कोरियाच्या पहिल्या अंतराळवीर यी सो-यॉन. म्हणजे दोन बायका, एक पुरुष. नंतरच्या पत्रकार परिषदेत रशियन अंतराळ संस्थेचे तेव्हाचे प्रमुख बायकांच्या संख्येबद्दल अपशकुनाची भाषा बोलले, आणि पुढच्या वेळी पुरुषांपेक्षा बायका जास्त होणार नाहीत असं पाहू, असंही.

हे मुद्दाम सांगतोय. अपशकुन ही गोष्ट कोणालाही दिसते, लोक हसतात, टीका होते, विषय संपतो. दोष यान जोडणाऱ्या बोल्टांकडे होता हे तपासाने सांगितलं की काम झालं. अशा पूर्वग्रहाने व्हिटसन यांचं काही अडलं नाही. उलट २००९ मध्ये त्या अंतराळवीर कार्यालयाच्या प्रमुख झाल्या. पहिली बाई, आणि लष्करी वैमानिक नसलेली पहिली व्यक्ती. शटल बंद होण्याचा अवघड काळ त्यांनी तिथे काढला. कोण कोणत्या मोहिमेवर जाणार हे त्या ठरवत होत्या. २०१२ मध्ये पद सोडून पुन्हा स्वतः रांगेत उभ्या राहिल्या.

जास्तीचे तीन महिने

तिसरी मोहीम १७ नोव्हेंबर २०१६ ला सुरू झाली. व्हिटसन ५६ वर्षांच्या होत्या, तोवर अंतराळात गेलेल्या बायकांमध्ये सर्वांत वयस्क. ठरलेला मुक्काम सहा महिन्यांचा. तेवढ्यात रशियाने आपल्या बाजूचे कर्मचारी तिनावरून दोनावर आणले, त्यामुळे परतीच्या एका सोयुझमध्ये एक जागा रिकामी राहिली. एप्रिल २०१७ मध्ये ठरलं की व्हिटसन तीन महिने जास्त थांबतील आणि त्या जागेवरून परततील. त्यांनी ते आनंदाने घेतलं. कार्यालयीन भाषेत हा उपलब्ध जागेचा चांगला विनियोग. याच महिन्यात त्या दुसऱ्यांदा स्थानकाच्या प्रमुख झाल्या, आणि २४ एप्रिलला जेफ विल्यम्स यांचा ५३४ दिवसांचा अमेरिकन विक्रम मागे पडला. व्हाइट हाऊसमधून फोन आला. लघवी गाळून प्यायचं पाणी करण्यावर प्रश्न निघाला तेव्हा, वाटतं तितकं वाईट नाही ते, असं त्या हसत म्हणाल्या.

त्या मोहिमेतल्या दोन गोष्टी मला विक्रमापेक्षा जास्त सांगून जातात. ३० मार्चच्या स्पेसवॉकमध्ये एका जोडणी-दारावर बसवायच्या कापडी संरक्षक आवरणांपैकी एक हातून निसटलं आणि दूर तरंगत गेलं. खालच्या अभियंत्यांनी दुसऱ्या ठिकाणचं एक आवरण काढून तिथे लावायची युक्ती काढली, आणि व्हिटसन व शेन किंब्रो यांनी ती तिथल्या तिथे पार पाडली. दुसरी गोष्ट ऑगस्टची. स्थानकाच्या पृष्ठभागावरून घेतलेले सूक्ष्मजीव वाढवून, त्यांचा डीएनए वाचून, ओळख वरच्या वर पटवण्याचं काम पहिल्यांदाच होत होतं. नमुना जमिनीवर न पाठवता. मार्गदर्शन ह्यूस्टनहून होणार होतं, पण त्याच आठवड्यात हार्वी चक्रीवादळाने ह्यूस्टन बुडालं. तिथल्या सूक्ष्मजीवतज्ज्ञाने घरून फोनवर सूचना दिल्या आणि वर जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई पिपेट धरून बसली होती. १९८६ ची संशोधक आणि २०१७ ची कमांडर एकाच वेळी कामाला लागली, असा दिवस कारकिर्दीत फार जणांना मिळत नाही.

३ सप्टेंबर २०१७ ला त्या उतरल्या. निवड झाली १९९६ मध्ये, निवृत्ती २०१८ मध्ये. मधल्या बावीस वर्षांतले जवळजवळ आठ टक्के दिवस त्यांनी पृथ्वीबाहेर काढले. दर बारा दिवसांतला एक.

तक्ता

आता तो हिशेब.

जमिनीवर माणसाला निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (मात्रा मोजण्याचं एकक) एवढी किरणोत्सर्गाची मात्रा मिळते. स्थानकावर रोज साधारण अर्धा ते एक मिलिसिव्हर्ट, सूर्याच्या चक्राप्रमाणे कमीजास्त. म्हणजे इथलं वर्ष तिथे अडीच ते पाच दिवसांत भरतं. आकाशगंगेतून येणारे जड, वेगवान कण आणि पृथ्वीच्या चुंबकीय पट्ट्यात अडकलेले प्रोटॉन यांचा हा मारा असतो, आणि यानाच्या भिंती त्याला पूर्ण अडवत नाहीत. सूर्य शांत असला की दूरचे कण जास्त आत येतात, ही यातली उलटी गंमत.

या माऱ्याने कर्करोगाची शक्यता वाढते. किती वाढते याचा मुख्य आधार हिरोशिमा आणि नागासाकीत वाचलेल्या माणसांच्या पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पाहणीत आहे. ती माहिती सांगते की तीच मात्रा तरुणपणी मिळाली तर धोका जास्त, कारण रोग वाढायला आयुष्य उरलेलं असतं. आणि बायकांमध्ये स्तन, बीजांडकोश आणि फुप्फुस यांमुळे धोका पुरुषांपेक्षा जास्त निघतो. नासाने नियम असा केला: अंतराळातल्या किरणोत्सर्गामुळे कर्करोगाने मरण्याची वाढीव शक्यता ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि हे आपण ९५ टक्के खात्रीने म्हणू शकलो पाहिजे. गणितातली अनिश्चितता मोठी असल्याने त्या ९५ टक्क्यांच्या अटीने मर्यादा आणखी खाली खेचली. शेवटी तक्ता निघाला तो असा, की तिशीतल्या बाईला सगळ्या कारकिर्दीत १८० मिलिसिव्हर्टच्या आसपास, आणि साठीतल्या पुरुषाला ७०० च्या आसपास.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की सगळं प्रकरण दिसतं. १८० म्हणजे स्थानकावरचे सहा महिने ते वर्षभर. तिशीत निवडलेली बाई एक लांब मोहीम करून, फार तर दोन, जमिनीवर येऊन बसणार. व्हिटसन यांना नासाने दहा वर्षं नाकारलं नसतं, आणि त्या विशीच्या शेवटी अंतराळवीर होऊन तिशीत उडायला लागल्या असत्या, तर त्याच तक्त्याने त्यांना फार लवकर थांबवलं असतं. पहिलं उड्डाण ४२ व्या वर्षी झालं म्हणून पुढे ६६५ दिवस जमले. नकाराने कारकीर्द लांबवली, असं म्हणायची पाळी येते. अर्थात हे नकार देणाऱ्यांच्या मनात कधीच नव्हतं.

आणि ते जास्तीचे तीन महिने? नव्वद दिवस, रोज अर्धा ते एक. ४५ ते ९० मिलिसिव्हर्ट. व्यवस्थेला एक जागा रिकामी ठेवायची नव्हती, व्हिटसन यांना खाली यायची घाई नव्हती, दोघांचंही जमलं. पण खात्यातून रक्कम वजा झाली.

रशिया, युरोप आणि कॅनडा यांच्या संस्थांमध्ये त्या काळात मर्यादा सरळ होती: कारकिर्दीत १००० मिलिसिव्हर्ट, बाई असो की पुरुष, वय काहीही असो. एकाच स्थानकावर, एकाच भिंतीआड, एकाच टेबलाशी जेवणारी माणसं वेगवेगळ्या वह्यांवर चालत होती. म्हणून गेन्नादी पदालका यांचे ८७८ दिवस होऊ शकले आणि पुढे ओलेग कोनोनेन्को यांनी हजाराचा आकडा ओलांडला. रशियनांची शरीरं वेगळी नाहीत. वही वेगळी.

दोन्ही बाजू, आणि माझं मत

नासाची बाजू मी हलकी समजत नाही. मालकाने नोकराला कर्करोगाच्या दारात उभं करून ‘तुझी इच्छा’ म्हणायचं, हे कामगारांच्या इतिहासात पुष्कळदा झालं आहे आणि त्याचे परिणाम सगळ्यांना माहीत आहेत. अंतराळवीर तर असे लोक, की त्यांना विचारलं तर ते कुठल्याही जोखमीला हो म्हणतील. निवडच तशी केलेली असते. तेव्हा मर्यादा बाहेरूनच यायला हवी. आणि विज्ञान जर सांगतं की बायकांना धोका जास्त, तर तो आकडा झाकून ठेवायचा का? तक्ता करणाऱ्यांनी खोटं काही लिहिलेलं नव्हतं.

तरीही तो नियम चुकीचा होता असं माझं मत आहे. अमेरिकेत जमिनीवरच्या अणुभट्ट्यांत काम करणाऱ्यांची मर्यादा वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट आहे, आणि ती बायका-पुरुषांना एकच आहे. गरोदरपण स्वतःहून कळवलेल्या बाईपुरता वेगळा नियम. धोक्यातला तोच फरक तिथेही आहे, पण तो नोकरीचा दरवाजा बनत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये याच्या फार जवळचा वाद निकालात काढला होता. बॅटरी बनवणाऱ्या एका कंपनीने मूल होऊ शकेल अशा बायकांना शिशाशी संबंध येणाऱ्या कामांतून वगळलं होतं, होणाऱ्या मुलांच्या भल्यासाठी. न्यायालयाने हा भेदभाव ठरवला. मुलांचं भलं कशात आहे हे आईबाप ठरवतील, मालक नव्हे. २००८ चा अमेरिकन कायदा तर जनुकीय माहितीवरून नोकरीत फरक करायला मनाई करतो. म्हणजे एखाद्या माणसाचा स्वतःचा, नेमका, तपासून काढलेला धोका वापरायला बंदी, आणि अर्ध्या मानवजातीची सरासरी वापरायला मात्र मोकळीक. या विसंगतीला मला तरी उत्तर सापडत नाही.

सरासरी कोणाची? व्हिटसन यांची नव्हे. त्यांची खरी मात्रा किती भरली ही वैद्यकीय, खासगी माहिती आहे आणि तशीच असायला हवी. पण ती मात्रा त्यांच्या शरीराला किती महाग पडेल हे तक्ता सांगूच शकत नव्हता. तो फक्त त्यांच्या वयाच्या बायकांच्या मोठ्या समूहात किती जणी मरतील एवढं सांगत होता.

अपशकुन मानणाऱ्या अधिकाऱ्याला गप्प करता येतं. तक्त्याला काय सांगणार?

२०१८ मध्ये वाटा कोणत्या होत्या

त्या उन्हाळ्यात नासाकडे स्वतःचं माणूस नेणारं यानच नव्हतं. शटल २०११ मध्ये थांबलं होतं, स्पेसएक्स कंपनीचं क्रू ड्रॅगन २०२० मध्ये माणसं घेऊन उडायचं होतं, जागा होत्या त्या सोयुझमधल्या विकत घेतलेल्या आणि मोजक्या. रांगेत तरुण अंतराळवीर उभे. न उडता राहायची सोय असते. नासा अशांना ‘व्यवस्थापकीय अंतराळवीर’ म्हणते. शॅनन ल्युसिड १९९६ मध्ये मीरवरून १८८ दिवस काढून आल्या, पुन्हा उडाल्या नाहीत, पण २०१२ पर्यंत सेवेत राहिल्या, नियंत्रण कक्षातून वरच्यांशी बोलत. एलन ओचोआ चार मोहिमांनंतर जॉन्सन केंद्राच्या संचालक झाल्या आणि व्हिटसन यांच्या महिनाभर आधीच, मे २०१८ मध्ये, निवृत्त झाल्या. व्हिटसन यांनी कार्यालयाचं प्रमुखपद सहा वर्षांपूर्वीच उपभोगून सोडलं होतं, तेही उडण्यासाठी. त्यांना खुर्ची नको होती हे तेव्हाच दिसलं होतं.

म्हणून त्या गेल्या. नासाने त्यांना घालवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल, आणि त्या स्वखुशीने घरी बसल्या असं म्हणणंही.

नंतर

जानेवारी २०२१ मध्ये ॲक्सिअम स्पेस या खासगी कंपनीने आपल्या पहिल्या मोहिमेच्या राखीव कमांडर म्हणून व्हिटसन यांचं नाव दिलं. तारीख पाहण्यासारखी आहे, कारण नियम बदलायला तेव्हा अजून वर्ष होतं. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने, नासाच्याच विनंतीवरून, सगळ्यांसाठी एकच मर्यादा ठेवण्याला पाठिंबा दिला. जानेवारी २०२२ मध्ये नासाने ती लागू केली: पूर्ण कारकिर्दीत ६०० मिलिसिव्हर्ट, बाई-पुरुष आणि वय यांचा भेद नाही. आकडा काढताना सर्वांत नाजूक गट म्हणून ३५ वर्षांची बाई धरलेली आहे. तरुण बायकांना यात पुष्कळ दिवस मिळाले. साठीच्या पुरुषांचे थोडे कमी झाले. समितीने हेही सुचवलं की प्रत्येक अंतराळवीराला तिचा किंवा त्याचा धोका किती ते समजेल अशा शब्दांत सांगावं. हे मला आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मंगळाचा प्रश्न यानेही सुटत नाही. मंगळावर गेलेल्या नासाच्या क्युरिऑसिटी गाडीने वाटेत घेतलेल्या मोजणीवरून केवळ जाण्यायेण्याचीच मात्रा ६६० च्या आसपास निघते. म्हणजे पहिल्या मंगळयात्रींना नवा नियमही मोडूनच जावं लागेल, आणि तेव्हा कोणाला विचारलं जाईल, कसं विचारलं जाईल, हा वाद पुन्हा पहिल्यापासून.

व्हिटसन यांनी नव्या नियमाची वाट पाहिली नाही आणि त्याचा फायदाही घेतला नाही. त्या दुसऱ्या दाराने आल्या. खासगी मोहिमेच्या प्रमुखपदी पूर्वी उडालेला नासाचा माजी अंतराळवीरच असावा, अशी अट नासाने घातली. हाताशी सर्वांत अनुभवी माजी अंतराळवीर कोण, हे सांगायला यादी काढावी लागली नसेल. मे २०२३ मध्ये ‘ॲक्सिअम-२’ घेऊन त्या निघाल्या. सोबत जॉन शॉफनर, अली अल-करनी आणि सौदी अरेबियाच्या पहिल्या स्त्री अंतराळवीर रय्याना बरनावी. खासगी मोहिमेच्या पहिल्या स्त्री-कमांडर हा आणखी एक ‘पहिल्या’ त्यांच्या नावापुढे लागला, त्याची आता मोजदाद ठेवणं कंटाळवाणं झालंय.

या नव्या कामाचा घाटच वेगळा आहे. मोहीम नऊ-दहा दिवसांची किंवा फार तर तीन आठवड्यांची, मात्रा त्याच हिशेबाने पाच ते वीस मिलिसिव्हर्ट. काम मुख्यतः नवख्यांना नेऊन सुखरूप आणण्याचं. २८९ दिवस एका जागी राहून स्थानक चालवणं हे घरकाम होतं. हे पाहुण्यांना घर दाखवणं. माझ्या मते या दोहोंत पहिलंच त्यांचं खरं काम होतं आणि ते २०१७ मध्ये संपलं.

सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठ-दहा दिवसांसाठी बोइंगच्या स्टारलायनर यानातून गेल्या आणि २८६ दिवसांनी परतल्या. तोवर सगळ्यांची एकच मर्यादा झालेली होती. २७ डिसेंबर २०२५ ला त्या नासातून निवृत्त झाल्या, २७ वर्षांच्या सेवेनंतर, एकूण ६०८ दिवसांवर. नासाच्या सेवेत काढलेल्या अंतराळदिवसांच्या यादीत त्यांच्या वर एकच नाव आहे.

२५ जून २०२५ ला केनेडी केंद्रावरून ‘ॲक्सिअम-४’ उडाली. पायलटच्या आसनावर ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला, शेजारी कमांडर पेगी व्हिटसन, वय ६५. मागे पोलंड आणि हंगेरीचे दोघे. १५ जुलैला ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उतरले. २१ मार्च २०१७ ला, व्हिटसन तिसऱ्या मोहिमेवर असताना, अमेरिकेत एका कायद्यावर सही झाली होती: माजी अंतराळवीरांना उड्डाणामुळे जडलेल्या आजारांची तपासणी आणि उपचार नासा आयुष्यभर देऊ शकेल. म्हणजे ह्यूस्टनमध्ये त्यांच्या नावाची वही अजून उघडी आहे. तिच्यात आता ६९५ दिवस आहेत, शेवटचे तीसेक निवृत्तीनंतरचे.